प्लग वायर आणि इंजिनची धग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांचं वायरिंग करत बसलं की काही प्रश्न फिरून फिरून येतात. कुणी जळालेली वायर हातात घेऊन येतं, कुणी गगनबावड्याहून परतताना रस्त्यातनं फोन करतं. तीच उत्तरं इथं एकत्र लिहून ठेवली आहेत. प्लग वायर म्हणजे कॉइलमधली (विजेचा दाब वाढवणाऱ्या भागातली) वीज इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगपर्यंत नेणारी वायर. ज्यांना गाडी स्वतः उघडून बघायची हौस आहे त्यांच्यासाठी थोडं इस्कटून, बाकीच्यांनी आपल्या कामापुरतं वाचावं.

माझ्या गाडीला प्लग वायर आहे का, हे कसं कळणार?

डिझेल असेल तर नाही, विषय संपला. पेट्रोल गाडीचं बॉनेट उघडून बघा. कॉइलपासून किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या (एकेका प्लगला वीज वाटणाऱ्या भागाच्या) टोपीपासून निघून हेडवरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागावरच्या, प्लगपर्यंत गेलेल्या करंगळीपेक्षा बारीक रबरी वायरी दिसल्या, तर त्याच. मारुती ८००, जिप्सी, पद्मिनी यांत त्या चटकन सापडतात. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली आहे, त्यामुळे सीट उचलावी लागते. आताच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसलेली असते आणि मधली वायर गेलेली आहे. मोटरसायकल आणि पेट्रोल-गॅसच्या रिक्षांना मात्र ही वायर असते.

उष्णतेनं वायरचं नेमकं बिघडतं काय?

वायरीतल्या विजेचा दाब (व्होल्टेज) साधारण १५,००० ते २५,००० व्होल्टचा असतो. घरातल्या २३० व्होल्टच्या वायरीपेक्षा हिचं रबर एवढं जाड का, त्याचं उत्तर यातच आहे. आत कार्बन मुरवलेल्या धाग्यांचा गाभा असतो किंवा बारीक तार गुंडाळलेली असते, त्यावर इन्सुलेशन, मग विणीचा थर आणि बाहेर रबराचं आवरण. सिलिकॉनचं आवरण सतत २०० अंश सेल्सियसच्या आसपास टिकतं, ईपीडीएम रबराचं १५० च्या आसपास. त्यापुढे रबर आधी चकाकी सोडतं, मग कडक होतं, मग वाकवलं की केसाएवढ्या चिरा पडतात.

वीज आळशी असते. प्लगच्या फटीत, दाबाखालच्या मिश्रणातून उडी मारण्यापेक्षा चिरेतून शेजारच्या लोखंडावर उतरणं तिला सोपं पडतं. तेवढा सिलिंडर त्या वेळेला कोरा जातो, आणि त्यालाच आपण मिसिंग म्हणतो.

सगळ्यात आधी मरते ती प्लगवरची रबरी टोपी, म्हणजे बूट. वायरचा मधला भाग हवेत असतो, पण बूट हेडला चिकटून आणि मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांच्या, शेजारी. म्हणून तपासताना बूट दोन बोटांत दाबून बघा. दाबलं की चेपलं आणि सोडलं की फुगलं तर जीव आहे. बांगडीसारखं कडक लागलं, किंवा कड नखानं खरवडली की भुगा निघाला, तर ते फक्त सवयीनं जागेवर बसलेलं आहे.

उन्हाळाभर गाडी मस्त चालली. पहिला पाऊस पडला आणि मिसिंग सुरू. मग दोष पावसाचाच ना?

पाऊस फक्त चुगली करतो. वायर भाजलेली असते एप्रिल-मे महिन्यात, पण कोरड्या हवेत बारीक चीर असली तरी वीज सहज बाहेर पडत नाही. जूनमध्ये त्याच चिरेत ओल बसते, वर वर्षभराची धूळ आणि तेलाचा चिकटा असतोच, आणि विजेला वाट मिळते. राधानगरी, गगनबावडा, आंबा घाट या बाजूला पावसाळ्यात धुकं बॉनेटमध्ये शिरून सगळं ओलं करतं, म्हणून त्या रस्त्यांवर गाड्या जास्त बंद पडतात. कोल्हापुरात आल्यावर वायर वाळते, गाडी सुरळीत चालते आणि मालक म्हणतो, 'आपोआप बरी झाली.' पुढच्या पावसात पुन्हा तेच.

म्हणून वायर तपासायची वेळ मे महिन्याचा शेवट. आमच्याकडे गर्दी मात्र जुलैत होते.

बाहेरच्या ऊन्हानं वायर जास्त तापते का?

फार कमी. बाहेर ३० अंश आहे की ३९, यानं वायरला विशेष फरक पडत नाही, कारण शेजारचा मॅनिफोल्ड कित्येकशे अंशांवर असतो. अंधारात तो मंद लाल दिसायला लागला तर ५०० च्या पुढे गेलाय असं धरा. आणि धगीचा हिशेब सरळ वाढत नाही: ३०० अंशांवरचा पृष्ठभाग ६०० वर गेला की त्यातून निघणारी धग पाच पटीहून जास्त होते. म्हणून रोज शहरात बरी चाललेली वायर एका घाटात जाऊ शकते.

पन्हाळा चढून वर गाडी लावली. बंद गाडीत वायर थंडच होणार ना?

पहिली काही मिनिटं उलट होतं. चालू गाडीत रेडिएटरचा पंखा आणि समोरचा वारा बॉनेटमधली गरम हवा हलवत असतात. किल्ली फिरवली की वारा थांबतो, पण इंजिनचं तापलेलं बीड (ओतीव लोखंड) आणि मॅनिफोल्ड आपली धग सोडतच राहतात. बॉनेटखालचं तापमान त्या वेळात वाढतं. चढ संपला की शेवटचा थोडा रस्ता हळू चालवा किंवा थांबल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवा, बॉनेट उघडून ठेवलं तर आणखी चांगलं. ओम्नीसारख्या गाडीत, जिथं इंजिन डब्यात कोंडलेलं आहे, तिथं हे जास्तच लागू.

सगळ्यात स्वस्त उपाय कोणता?

क्लिप.

हसू नका. कंपनीतून गाडी येते तेव्हा प्रत्येक वायर प्लास्टिकच्या क्लिपांत आणि फण्यांत अडकवलेली असते. त्या क्लिपा वायरला मॅनिफोल्डपासून, हेडपासून आणि एकमेकींपासून अंतरावर धरतात. एकदा टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण) उघडलं, वायरी काढल्या, परत लावताना एक क्लिप तुटली, दुसरी सापडली नाही, आणि वायर 'बसली ना एकदाची' म्हणून लोंबत सोडली गेली. हळूहळू ती खाली येते आणि एक दिवस मॅनिफोल्डला टेकते. आमच्याकडे जळून येणाऱ्या वायरींत बराच मोठा वाटा अशा लोंबणाऱ्यांचा असतो. हजारांची स्लीव्ह (वायरीवर चढवायची उष्णतारोधक नळी) घालायच्या आधी दहा-वीस रुपयांची क्लिप शोधा. नवी मिळाली नाही तर जुन्या बाजारात भंगार गाडीवरची काढून घ्या, चालते.

अंतर किती हवं? गरम भागापासून निदान दोन बोटं, जमलं तर तीन. वायरीला थोडी ढील ठेवा, कारण इंजिन पायांवर हलतं आणि ताणलेली वायर बुटातून सुटते. पण ढील वरच्या बाजूला कमानीसारखी द्या, खाली लोंबू देऊ नका. आणि पाहणी इंजिन चालू असताना करा: कुणाला तरी रेस द्यायला सांगा, हात लांब ठेवा आणि इंजिनचा झटका बसताना वायर कुठंपर्यंत जाते ते नुसतं बघा. उभ्या गाडीत दोन बोटं दिसणारं अंतर झटक्यात संपलेलं असतं.

मग सगळ्या वायरी एकत्र केबल टायनं आवळून टाकल्या तर?

दिसायला छान दिसेल, चालायला नाही. समांतर चिकटून गेलेल्या दोन वायरींत एकीचा दाब दुसरीत उमटतो. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांचा क्रम १-३-४-२ असतो, म्हणजे ३ नंतर लगेच शेजारचा ४ पेटतो आणि २ नंतर १. तिसऱ्याची ठिणगी चौथ्याच्या वायरीत उमटली तर चौथ्यात मिश्रण दाबलं जात असतानाच ते वेळेआधी पेटू शकतं. त्यामुळे या जोड्या एकमेकींपासून लांब ठेवा, आणि ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. शिवाय साधा केबल टाय नायलॉनचा असतो. मॅनिफोल्डजवळ तो कडक होऊन तुटतो आणि वायर पुन्हा खाली येते.

स्लीव्ह कोणती घ्यायची? दुकानात तर सगळ्याच काळ्या-पिवळ्या नळ्या सारख्या दिसतात.

सिलिकॉनचा लेप असलेली जाड फायबरग्लासची स्लीव्ह यासाठी योग्य. ती सतत २६० अंशांपर्यंत चालते. नुसती विणलेली फायबरग्लास त्याहून बरीच जास्त उष्णता सोसते, पण ती तेल पिते, कडा उसवतात आणि हाताला खाज सुटते.

आपल्याकडे एक सोय आहे जी सगळ्या गावांत नसते. शेतीपंपांच्या विजेच्या मोटारी भरणारे (आतली तार नव्यानं गुंडाळणारे) इतके, की वाइंडिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत फायबरग्लास स्लीव्ह फुटावर मिळते. तिथं नुसती 'स्लीव्ह द्या' म्हणू नका, 'एच क्लासची' म्हणा. मोटारीच्या इन्सुलेशनचे वर्ग ठरलेले आहेत: बी म्हणजे १३० अंश, एफ म्हणजे १५५, एच म्हणजे १८०. आजूबाजूची धग मध्यम असेल तर एच क्लास पुरते. मॅनिफोल्डच्या अगदी डोक्यावरून वायर जात असेल तर गाडीसाठीची जाड स्लीव्हच घ्या.

पीव्हीसीची नळी घेऊ नका. ती ७० ते १०५ अंशांच्या लायकीची असते आणि वितळून वायरला चिकटते. ओळखायचं असेल तर छोटा तुकडा चिमट्यात धरून, मोकळ्यावर, लायटरवर धरा. पीव्हीसी काळा, झोंबणारा धूर सोडत वितळेल. सिलिकॉन जळून मागे पांढरी राख राहील. फायबरग्लास पेट घेत नाही, फार तर वरचा लेप धुरकटतो. धूर हुंगू नका.

स्लीव्ह घालायची कशी?

वायर काढून, एका टोकाचं बूट मागे सरकवून, वायरीवरून ओवायची. बाहेरच्या जाडीपेक्षा आतली रुंदी थोडी मोठी हवी. ७ मिलीमीटरच्या वायरीला ९-१० ची स्लीव्ह सहज जाते, आणि मधे राहिलेली हवा फायद्याचीच असते. पूर्ण वायर झाकायची गरज नाही, गरम भागाच्या अलीकडे-पलीकडे चार बोटं पुरे. बुटावरून प्लगच्या धातूपर्यंत ओढू नका, तेलानं भिजलेली स्लीव्ह विजेला वाट देते.

चंदेरी, अॅल्युमिनियमचा थर असलेली स्लीव्ह धग परतवायला उत्तम, पण तिचा बाहेरचा थर वीजवाहक आहे. वायरीवर एखादी चीर असेल तर हीच स्लीव्ह करंट खेचून घेईल. म्हणून ती फक्त धडधाकट वायरीवर आणि प्लगच्या टोकापासून लांब. जुन्या वायरीवर चांगली स्लीव्ह चढवून दोष झाकायचा प्रकार तर करूच नका, आतली चीर तशीच राहते आणि शोधायला दुप्पट त्रास होतो.

बूट वाचवायला काय करता येतं?

बुटावर घालायची छोटी फायबरग्लासची टोपणं मिळतात. धातूची गुंडाळी असलेली बुटं काही गाड्यांना मुळातच असतात, ती फेकून साधी बसवू नका. रेसिंगच्या गाड्यांत सिरॅमिकची बुटं वापरतात, रोजच्या गाडीला त्यांचं काम नाही आणि ती आपटली की फुटतात.

मॅनिफोल्ड आणि वायर यांच्यामध्ये पत्रा लावला तर?

माझ्या मते स्लीव्हपेक्षा हे जास्त चांगलं काम करतं, कारण धग वायरीपर्यंत पोचायच्या आधीच अडते. बहुतेक मॅनिफोल्डवर कंपनीचा पत्रा असतोच. बोल्ट गंजून तुटले की तो खडखडतो, आणि खडखड बंद करायचा सोपा मार्ग म्हणून तो काढून टाकला जातो. तुमच्या गाडीवर त्या पत्र्याच्या रिकाम्या बोल्टच्या जागा दिसतात का बघा.

नवा बनवायचा तर कोल्हापुरात अडचण नाही, पत्र्याला घडी मारून देणारा गल्लोगल्ली आहे. एक मिलीमीटरच्या आसपासचा अॅल्युमिनियम किंवा स्टेनलेसचा घ्या. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा नको: जस्त ४१९ अंशांना वितळतं, मुलामा त्याच्या खूप आधीपासून सुटायला लागतो. पत्रा मॅनिफोल्डला चिकटवू नका, वॉशर किंवा छोट्या नळ्या घालून निदान एक सेंटीमीटर फट ठेवा, म्हणजे मधून हवा फिरेल. चकचकीत बाजू मॅनिफोल्डकडे. कडा वळवून घ्या, नाहीतर थरथरीनं तीच कड वायर कापेल.

मॅनिफोल्डलाच कापडी पट्टी गुंडाळली तर? बुलेटवाले गुंडाळतात तशी.

बुलेटवाल्यांचा बराचसा हेतू दिसण्याचा असतो. जाळ आणि धूर संगटच हवा, मग पट्टी पण हवी! पट्टीनं बाहेरची धग कमी होते हे खरं, पण ती आतच कोंडली जाते, आणि बिडाचा मॅनिफोल्ड त्यामुळे तडकू शकतो. आपल्या पावसात पट्टी ओल धरून ठेवते, आतलं लोखंड गंजतं. रोजच्या चारचाकीला मी नको म्हणतो.

जुन्या दुकानात पांढरी अॅस्बेस्टॉसची दोरी मिळते. ती चालेल?

नको. तिचे तंतू फुप्फुसात जातात आणि बाहेर येत नाहीत. फायबरग्लास मिळत असताना तिच्या वाटेला जायचं कारण नाही.

लाल, जाड ८ मिलीमीटरची वायर टाकली की पिकअप वाढतो का?

नाही. जुनी वायर खराब असेल तर कोणतीही चांगली वायर टाकली की गाडी सुधारते आणि श्रेय रंगाला जातं. चांगल्या सिलिकॉनच्या ८ मिलीमीटरच्या वायरीत इन्सुलेशन जास्त असतं, त्यामुळे धगीच्या जागी ती जास्त टिकते, एवढाच फायदा. मात्र ती कंपनीच्या ७ मिलीमीटरच्या क्लिपांत बसत नाही, आणि मग क्लिपा काढून टाकल्या जातात. पुढचं वर लिहिलंच आहे.

नवी वायर टाकली आणि थोड्याच महिन्यांत त्याच जागी पुन्हा जळाली. वायर नकली असेल का?

असू शकते, पण त्याच जागी जळाली असेल तर आधी इंजिनकडे बघा. वायर बदलून गिऱ्हाईक घालवणं सोपं, धग कुठून येते ते शोधायला वेळ लागतो.

पहिला संशय मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर. पॅकिंग फुटलं की जळता वायू बारीक फवाऱ्यासारखा थेट बुटावर मारतो. थंड इंजिन सुरू केल्यावर 'टक टक' आवाज येतो आणि गरम झाल्यावर कमी होतो, तर लिकेज तिथंच शोधा. जागेवर काजळीचा काळा पट्टा दिसेल.

दुसरा, टायमिंग मागे गेलेलं. ठिणगी उशिरा पडली की जळण सायलेन्सरच्या वाटेनं जातं आणि मॅनिफोल्ड लाल होतो. तिसरा, पेट्रोल कमी आणि हवा जास्त, बहुधा कुठंतरी व्हॅक्यूमची नळी फाटलेली. चौथा, चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा डबा. इथं एक वाईट साखळी आहे: वायर गळते, सिलिंडर पेटत नाही, कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं जळतं, तो भट्टीसारखा तापतो, आणि ती धग पुन्हा वायरीवर. मिसिंग घेऊन आठवडाभर गाडी ओढू नका ती यासाठीच. वायर शेकड्यांत येते, कन्व्हर्टर हजारांत.

पाचवा प्लग स्वतः. घासून फट वाढली की ठिणगी पाडायला जास्त दाब लागतो आणि तो सगळा ताण इन्सुलेशनवर येतो. नवी वायर जुन्या, झिजलेल्या प्लगवर चढवणं म्हणजे पैसे वाया.

सीएनजी किंवा एलपीजी किट आहे. काही वेगळं?

हो. गॅसच्या मिश्रणातून ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त दाब लागतो, त्यामुळे पेट्रोलवर जेमतेम चालणारी वायर गॅसवर लगेच उघडी पडते. 'पेट्रोलवर ठीक, गॅसवर झटके' अशी तक्रार आली की आधी प्लग आणि वायर बघावी. जुन्या मिक्सरच्या किटमध्ये (गॅस वाटेतच हवेत मिसळणाऱ्या) मिसिंगमुळे इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, भडका उडून एअर फिल्टरचा डबा फुटलेला आम्ही पाहिलाय.

घरी तपासायचं कसं?

अंधारात, बॉनेट उघडं, इंजिन चालू. निळसर ठिणग्या दिसल्या किंवा 'टिक टिक' ऐकू आली तर गळती सापडली. दिसलं नाही तर झाडांवर पाणी मारायच्या स्प्रेनं बारीक तुषार वायरीवर सोडा. हात, बाही, घड्याळ लांब. पेट्रोल किंवा गॅसचा वास येत असेल तर हे अजिबात करायचं नाही. हृदयाला पेसमेकर असलेल्यांनी चालू इंजिनजवळ थांबूच नये.

दुसरी तपासणी मल्टिमीटरनं, वायर काढून. कार्बनच्या वायरीला मीटरमागे साधारण १० ते २० किलोओहम दाखवतो. आकड्यापेक्षा आपसातली तुलना बघा: लांब वायरीचा जास्त, आखूडचा कमी असायला हवा. मोजताना वायर हलवा. आकडा उड्या मारत असेल किंवा काहीच दाखवत नसेल तर आतला गाभा तुटलाय.

प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर खालच्या बाजूला तपकिरी कडं असतं, त्याला घाबरू नका, तो नेहमीचा डाग आहे. वरून खाली पेन्सिलनं ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर मात्र वीज तिथून उतरते. प्लग आणि बूट दोन्ही बदला, कारण तीच रेघ बुटाच्या आतही उमटलेली असते.

वायर ओढून काढली की तुटते. युक्ती काय?

इंजिन थंड होऊ द्या. बूट धरून अर्धा वेढा इकडे, अर्धा तिकडे फिरवा आणि मग बुटालाच धरून ओढा, वायरीला नाही. एका वेळी एकच काढा किंवा आकडे लिहून ठेवा. चालू इंजिनमध्ये वायर उपटून 'कुठला सिलिंडर मेलाय' बघायची जुनी पद्धत आता सोडा: फटका बसतो तो वेगळा, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलही जाऊ शकतं.

बसवताना बुटाच्या आत काडीवर येईल एवढं सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावा. ओल शिरत नाही आणि पुढच्या वेळी बूट चिकटत नाही. बेअरिंगचं ग्रीस नको.

वायरी पेट्रोलनं पुसल्या तर चकाचक होतात. चालेल ना?

सिलिकॉन पेट्रोलनं फुगतं, ईपीडीएम तेलानं. साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं पुरे. आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळून प्लगच्या खड्ड्यात तेल साचत असेल तर आधी ते बदला, नाहीतर नवी बुटंही भिजून मऊ पडतील.

बाईकला हे सगळं लागू आहे का?

थोडंच. बहुतेक बाईकना एकच वायर, वारा भरपूर. टाकी काढून बसवताना वायर हेडच्या फिनांवर (थंड करणाऱ्या पात्यांवर) किंवा बेंड पाइपवर (सायलेन्सरच्या पुढच्या नळीवर) दाबली जात नाही ना, एवढं बघा. कॅप बहुतेक वेळा पेचानं वायरीवर बसलेली असते. टोक जळलं असेल आणि वायर पुरेशी लांब असेल तर अर्धा सेंटीमीटर कापून कॅप पुन्हा फिरवली की काम भागतं.

एकच वायर खराब आहे. एकच बदलू की सेट?

पॅकिंगच्या लिकेजनं किंवा लोंबल्यामुळे एकच भाजली असेल आणि बाकीच्या मऊ, सारख्या असतील तर एक बदला, उगीच खर्च नको. सगळ्या एकाच वयाच्या आणि बुटं कडक झालेली असतील तर सेट. जुन्यातली सगळ्यात लांब वायर मात्र धडधाकट असेल तर डिकीत ठेवून द्या, ती कोणत्याही सिलिंडरला पोचते.